हद्दपारीच्या गावातून निघालेली निळी सफर

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत लाकडी नौकेतून आठवडाभर केल्या जाणाऱ्या सागरसहलीला तुर्की भाषेत ‘मावी योल्जुलुक’ म्हणतात. मावी म्हणजे निळा आणि योल्जुलुक म्हणजे प्रवास. बोद्रुम, मार्मारिस, गोचेक किंवा फेथिये यांपैकी एखाद्या बंदरातून नौका निघते, दिवसा दोन-तीन तास चालते, दुपारी एखाद्या निर्मनुष्य खाडीत थांबते आणि रात्री दुसऱ्या आडोशाला नांगर टाकते. भूमध्य समुद्रात शिडाच्या नौकेतून सुट्टी घालवू पाहणाऱ्यांपुढे ग्रीसची बेटे आणि क्रोएशियाचा किनारा यांच्या जोडीने आज या सफरीचे नाव येते. पण तिच्या मुक्कामाच्या जागा पर्यटन खात्याने आखलेल्या नाहीत. समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी त्या कैक पिढ्यांपूर्वी हेरून ठेवल्या होत्या. त्या जागांना सहलीचे रूप दिले ते सरकारने हद्दपार केलेल्या एका लेखकाने आणि त्याच्या मूठभर मित्रांनी.

हा किनारा असा का घडला, हे भूगोलावरून उमगते. टॉरस पर्वताच्या रांगा पश्चिमेकडे थेट समुद्रात शिरतात. हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी चढली, दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि डोंगरांचे माथे द्वीपकल्पे बनून वर राहिले. बोद्रुम, दात्चा आणि बोझबुरुन ही तीन द्वीपकल्पे हाताची बोटे पसरावीत तशी समुद्रात पुढे आलेली आहेत. बोद्रुम आणि दात्चा यांच्यामध्ये गोकोवाचे लांबट आखात आहे. काठावर पाइनची गर्द झाडी असून ती पाण्यापर्यंत उतरते आणि काठ सोडताच तळ झपाट्याने खोल जातो. त्यामुळे इथल्या नौका नाळेकडून खोल पाण्यात नांगर टाकतात आणि मागच्या बाजूने एक दोर किनाऱ्यावर नेऊन खडकाला किंवा झाडाला बांधतात. कोकणातल्या खाडीत असे करता येणार नाही. तिथे भरती-ओहोटीचे गणित सांभाळावे लागते, नाहीतर रात्री तरंगत असलेली होडी सकाळी चिखलात बसलेली सापडते. भूमध्य समुद्राच्या या भागात पाणी जेमतेम वीतभर चढते-उतरते, म्हणून नौका काठाला खेटून निर्धास्त उभी राहू शकते. या सफरीचे निम्मे सुख त्या एका गोष्टीत आहे: पाण्यात उडी मारावी आणि चार हात मारून किनारा गाठावा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावर उत्तरेकडून आणि वायव्येकडून कोरडा वारा वाहतो. तुर्की लोक त्याला मेल्तेम म्हणतात. प्राचीन ग्रीकांनी त्याला ‘दरवर्षी येणारे’ अशा अर्थाचे नाव दिले होते. आपल्याकडे मौसमी वारा हा शब्द ज्या अरबी ‘मौसिम’वरून आला, त्याच शब्दावरून तुर्कीत ऋतूला मेवसिम म्हणतात. हे साम्य शब्दापुरतेच नाही. उन्हाळ्यात भारताच्या वायव्य भागापासून इराणवरून तुर्कस्तानकडे कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरतो, बाल्कन प्रदेशावर त्या वेळी दाब जास्त असतो आणि या फरकातून मेल्तेम जोर धरतो. म्हणजे ज्या हवामानामुळे आषाढ-श्रावणात कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवाव्या लागतात, त्याच हवामानाचे दुसरे टोक एजियनमध्ये शिडे भरते. मेल्तेम सहसा दुपारी चढतो आणि रात्री मंदावतो. आकाश निरभ्र असतानाही तो ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे अनोळखी माणूस फसतो. पहाटे निघावे, दुपारपूर्वी आडोसा गाठावा, हा इथल्या तांडेलांचा नियम त्यातून आला.

दात्चा द्वीपकल्पाच्या टोकावरचे क्निडोस हे प्राचीन नगर या वाऱ्यावरच जगले. पश्चिमेकडे जाणारी गलबते इथपर्यंत किनाऱ्याच्या आडोशाने येत आणि टोक ओलांडताच उघड्या वाऱ्यात सापडत. तेव्हा वारा उतरेपर्यंत थांबायला बंदर हवे. क्निडोसने दोन बंदरे बांधली, एक लहान आणि लढाऊ नौकांसाठी, दुसरे मोठे आणि व्यापारासाठी. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलिसने घडवलेली ॲफ्रोडाइटीची मूर्ती याच नगराने घेतली आणि ती पाहायला दूरदूरचे लोक समुद्रमार्गे येऊ लागले. संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज मोठ्या कष्टाने क्निडोससमोर आले, पण वाऱ्याने पुढे जाऊ दिले नाही आणि त्याला क्रीट बेटाच्या आडोशाकडे वळावे लागले, असे बायबलच्या नव्या करारात म्हटले आहे. आजही सहलीच्या नौका क्निडोसच्या मोठ्या बंदरात नांगर टाकून हेच करतात: वारा पडण्याची वाट पाहतात.

बोद्रुम म्हणजे प्राचीन हालिकार्नासोस. इतिहासकार हिरोडोटसचा जन्म इथला. इ. स. पू. ३७७ ते ३५३ या काळात कारिया या प्रदेशावर सत्ता गाजवणाऱ्या मावसोलोसने हे नगर राजधानी केले. त्याची सुमारे ४५ मीटर उंचीची समाधी प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत गणली गेली. भूकंपांनी ती ढासळली. पंधराव्या शतकात सेंट जॉनच्या सरदारांनी बंदराच्या तोंडाशी किल्ला बांधला आणि समाधीचे दगड त्याच्या भिंतींत गेले. सुलतान सुलेमानने त्या सरदारांचे ऱ्होड्स जिंकल्यावर हा किल्लाही ओस्मानी राज्यात आला. इंग्रज पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने १८५६ नंतर समाधीची जागा खणून शिल्पे ब्रिटिश म्युझियमला धाडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ल्याचा तुरुंग झाला होता. जगाने विसरलेले, कैद्यांना पाठवण्यापुरते उरलेले हे गाव होते, आणि त्याचे पोट चालत होते ते समुद्रावर.

समुद्रावर म्हणजे मुख्यतः स्पंजावर. स्पंज हा समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारा प्राणी. त्याचा मांसल भाग कुजवून, पायांनी तुडवून, धुऊन काढला की मागे मऊ, पाणी शोषणारा सांगाडा उरतो. होमरच्या काव्यातही त्याने हात-तोंड आणि टेबले पुसल्याचे उल्लेख आहेत. समोरच्या कालिम्नोस, सिमी आणि आसपासच्या बेटांवर शेतीला माती नाही, म्हणून तिथल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा केला. जुनी रीत अशी: पाणबुड्या सपाट, घासून गुळगुळीत केलेला संगमरवरी दगड दोन्ही हातांत धरून उडी मारी. बारा-पंधरा किलोचा हा दगड त्याला झपाट्याने तळाशी नेई आणि तिरपा धरला तर दिशाही देई. दगडाला बांधलेला दोर वरच्या सोबत्याच्या हातात असे. एका श्वासात जेवढा स्पंज कापता येईल तेवढा कापायचा आणि दोराला हिसका द्यायचा. तीस मीटर खोली त्यांना नवलाची नव्हती.

१८६०च्या दशकात तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख सिमीला आला. वरून पंपाने हवा मिळू लागली, माणूस तळाशी तासभर चालू लागला आणि माल कित्येक पटींनी वाढला. त्याची किंमत शरीरांनी मोजली. खोलवर दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन माणूस घाईने वर आला की बुडबुडे होऊन सुटतो, सांध्यांत आणि मणक्यात अडकतो, पाय लुळे पाडतो किंवा जीव घेतो. किती सावकाश वर यावे याची शास्त्रशुद्ध कोष्टके शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेनने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर या बेटांवर दरवर्षी हंगाम संपून बोटी परतल्या की काही घरांत रडारड ठरलेली असे. कालिम्नोसच्या एका लोकनृत्यात मुख्य नर्तक काठीच्या आधाराने, थरथरत्या पायांनी नाचतो. लुळ्या पडलेल्या पाणबुड्याची ती चाल गावाने नृत्यात जपून ठेवली आहे.

या धंद्याने निळ्या सफरीला दोन गोष्टी दिल्या. पहिली, किनाऱ्याचे ज्ञान. स्पंजाच्या बोटी वसंतात निघून शरदात परतत. त्या सगळ्या काळात गोडे पाणी कुठल्या खाडीतल्या झऱ्याला आहे, दक्षिणेचा लोदोस वारा सुटला तर कुठे शिरावे, कुठल्या तळाला नांगर धरतो आणि कुठे तो सटकतो, हे सगळे तोंडपाठ असावे लागे. दुसरी, नौका. स्पंजासाठी वापरली जाणारी तिरहांदिल ही दोन्ही टोकांना निमुळती, रुंद पोटाची, छोटी पण लाटा झेलणारी होडी. तिची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवायची, हे कारागिरांचे माप होते. कागदावर आराखडा नसे.

१९२३ मध्ये लोझानच्या तहाआधी झालेल्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि क्रीटसारख्या बेटांवरचे मुसलमान इकडे आले. माणसे धर्मावरून मोजली गेली, भाषेवरून नाही. त्यामुळे बोद्रुमला आलेले कित्येक क्रीटवासी घरात ग्रीक बोलत, आणि इथून गेलेल्या कित्येकांना तुर्की येत होती. फेथियेजवळचे लेव्हिसी हे गाव त्या वेळी रिकामे झाले. आज कायाकोय नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गावातल्या छपरे उडालेल्या शेकडो घरांत नंतर पुरेशी वस्ती कधी झालीच नाही. निळ्या सफरीतले प्रवासी तिथे दोन तास फिरून परततात. पण या किनाऱ्यावर इतक्या खाड्या निर्मनुष्य का, याचे एक उत्तर त्या घरांत आहे. कोस, सिमी, कालिम्नोस ही बेटे तेव्हा इटलीच्या ताब्यात होती आणि १९४७ मध्ये ग्रीसकडे गेली. बोद्रुम द्वीपकल्पाच्या टोकापासून कोस जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे, तरी एकाच समुद्रावर जगणाऱ्या दोन काठांमध्ये सरहद्द आली ती कायमची.

अशा या गावात १९२५ मध्ये जेव्हात शाकिर काबाआचली यांना धाडण्यात आले. पाशांचे घराणे, काका ओस्मानी साम्राज्याचे वजीर, स्वतः ऑक्सफर्डला इतिहास शिकलेले. चित्रकार फाह्रेलनिसा झैद आणि आलिये बेर्गेर या त्यांच्या बहिणी. १९१४ मध्ये गोळी लागून वडिलांचा मृत्यू झाला, त्या प्रकरणी शिक्षा होऊन त्यांनी काही वर्षे तुरुंगात काढली होती. सुटल्यावर ते इस्तंबूलच्या नियतकालिकांत लिहू आणि चित्रे काढू लागले. फाशीची शिक्षा झालेल्या फरारी सैनिकांवर त्यांनी लिहिलेली एक गोष्ट १९२५च्या एप्रिलमध्ये छापून आली. देशाच्या पूर्वेला तेव्हा बंड चालू होते. सैन्यात फितुरी पसरवणारे लेखन ठरवून विशेष न्यायालयाने त्यांना तीन वर्षे बोद्रुमच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्याची शिक्षा दिली.

बोद्रुमला तेव्हा धड रस्ता नव्हता. अखेरच्या टेकडीवरून समुद्र दिसला त्या क्षणाने आपले आयुष्य बदलले, असे त्यांनी पुढे लिहिले. किल्ला राहण्याजोगा नव्हता, आणि स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना समुद्राकाठी भाड्याने घर घेऊ दिले. शिक्षेचा दुसरा अर्धा भाग इस्तंबूलमध्ये काढायची मुभा मिळाली, पण मुदत संपताच ते आपण होऊन बोद्रुमला परतले आणि पुढची बरीच वर्षे तिथे राहिले. शिक्षेसाठी निवडलेले ठिकाण माणसाने स्वतःहून पुन्हा निवडावे, हीच या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. त्यांनी मासेमारी केली, स्पंजवाल्यांच्या बोटींवर हिंडले, परदेशातून बिया मागवून गावात झाडे लावली. ‘हालिकार्नासचा कोळी’ या अर्थाचे ‘हालिकार्नास बालिकचिसी’ हे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत प्रथमच तुर्की वाचकाला पाणबुडे, खलाशी, त्यांच्या शिव्या आणि त्यांची वाऱ्यांची नावे भेटली. एरवी तुर्की साहित्य जमिनीवरचे होते. ‘आगांता बुरिना बुरिनाता’ या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचे नावच शीड सांभाळणाऱ्या खलाशांच्या आरोळीवरून घेतलेले आहे.

दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास त्यांनी मित्रांना बोटीवर बोलावायला सुरुवात केली. त्यांत पुढाकार होता साबाहात्तिन एयुबोलू यांचा. एयुबोलू हे शासनाच्या अनुवाद विभागात काम करणारे विद्वान होते. १९४० मध्ये स्थापन झालेल्या या विभागाने ग्रीक, लॅटिन आणि युरोपीय अभिजात ग्रंथ मोठ्या संख्येने तुर्कीत आणले. होमर आणि प्लेटो यांच्यावर रात्रंदिवस काम करणाऱ्या या मंडळींना अचानक उमगले की त्या ग्रंथांतली कितीतरी गावे आपल्याच किनाऱ्यावर आहेत, आणि तिथे पोचायचे तर रस्ता नाही. जायचे ते होडीनेच.

होडी म्हणजे भाड्याने घेतलेली स्पंजाची बोट. खोल्या नाहीत, शौचालय नाही, झोपायचे ते डेकवर, उघड्या आकाशाखाली. सोबत वाळवलेला पाव म्हणजे पेक्सिमेत, चीज, पाणी, तंबाखू आणि राकी ही दारू. बाकी जेवण समुद्र देईल ते. वर्तमानपत्र आणि रेडिओ घ्यायचा नाही, असा दंडक होता. युद्धाच्या बातम्यांनी थकलेल्या माणसांनी घालून घेतलेला हा नियम होता. दिवसा पोहायचे, अवशेष पाहायचे, संध्याकाळी जेव्हात शाकिर यांच्या तोंडून त्या खाडीची कथा ऐकायची. मुक्काम कुठे करायचा हे तांडेल ठरवी, कारण वारा त्याला कळे. निळ्या सफरीचा मार्ग असा आखला गेला: पाणबुड्याला आडोसा माहीत, लेखकाला त्या आडोशाचे जुने नाव माहीत.

या मंडळींचा एक ठाम विचार होता. आनातोलियाच्या भूमीवर हित्ती, आयोनियन, लिशियन, रोमन, बायझंटाइन आणि तुर्क जे कोणी राहिले, त्या सगळ्यांचा वारसा आज इथे राहणाऱ्यांचा आहे. ग्रीक अवशेष परक्यांचे समजून पाठ फिरवू नये, असे ते सांगत. हा विचार वादापासून मुक्त नाही. होमरला आनातोलियाचा म्हणताना त्याचे ग्रीकपण झाकोळते, आणि १९२३ मध्ये घालवलेल्या ग्रीकांबद्दल त्यात फारसे बोलले जात नाही, ही टीका रास्त आहे. तरीही ज्या काळात जुन्या दगडांचा चुना भाजला जात असे, त्या काळात खेड्यातल्या माणसाला ‘हे तुझे आहे, जप’ असे सांगणारे तेच होते.

अभिजात भाषांच्या अभ्यासक आझ्रा एर्हात पुढे या सफरींत सामील झाल्या. कवी ए. कादिर यांच्यासह त्यांनी ‘इलियड’चा तुर्की अनुवाद केला. १९६२ मध्ये त्यांचे ‘मावी योल्जुलुक’ हे पुस्तक निघाले आणि मित्रांच्या बोलण्यातले नाव देशभर झाले. त्याआधी १९५२ मध्ये इंग्रज प्रवासलेखिका फ्रेया स्टार्क इझमिरचे ब्रिटिश वाणिज्यदूत डेव्हिड बॅल्फर यांच्या ‘एल्फिन’ या छोट्या नौकेतून हाच किनारा हिंडल्या. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५६ मध्ये आले. इंग्रजी वाचकांना हा किनारा कळला तो त्यांच्यामुळे. चित्रकार-कवी बेद्री रह्मी एयुबोलू हे साबाहात्तिन यांचे बंधू. त्यांनी १९७०च्या दशकात गोचेकजवळच्या एका खाडीत काठावरच्या मोठ्या खडकावर मासा रंगवला. त्या खाडीला आता त्यांचेच नाव आहे.

या मंडळींना राज्यसत्तेचा जाच पुन्हा झालाच. मार्च १९७१च्या लष्करी हस्तक्षेपानंतर साबाहात्तिन एयुबोलू आणि आझ्रा एर्हात यांना अटक झाली. एयुबोलू जानेवारी १९७३ मध्ये वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेव्हात शाकिर यांचे इझमिरला निधन झाले. मुलांच्या शिक्षणासाठी ते तिथे राहायला गेले होते आणि प्रवाशांचे वाटाडे म्हणून काम करत होते. त्यांचे दफन बोद्रुमला झाले.

तोवर स्पंजवाल्यांच्या ज्ञानाचा दुसराच उपयोग सुरू झाला होता. १९५३ मध्ये बोद्रुमच्या एका बोटीच्या जाळ्यात डिमिटर देवीचा कांस्य अर्धपुतळा वर आला. १९५८ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार पीटर थ्रॉकमॉर्टन बोद्रुमला राहून पाणबुड्यांच्या गोष्टी ऐकत बसले. तळाशी कुठे रांजण पडले आहेत, कुठे कुजके धातू आहेत, हे ते सहज बोलत. कप्तान केमाल आरास यांनी सांगितलेल्या जागेवरून गेलिदोन्या भूशिराजवळचे कांस्ययुगीन जहाज सापडले. १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी तिथे केलेले उत्खनन हे समुद्रतळावर शास्त्रीय पद्धतीने पूर्ण झालेले पहिले उत्खनन मानले जाते. १९८२ मध्ये यालिकावाकचे पाणबुडे मेहमेत चाकिर यांनी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिल्याचे सांगितले. ते बैलाच्या कातड्याच्या आकाराचे तांब्याचे ठोकळे होते. उलुबुरुन येथील त्या जहाजावर दहा टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेचे ठोकळे, हस्तिदंत आणि आबनूस निघाले. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या त्या जहाजावर १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे काम चालले आणि बावीस हजारांहून अधिक बुड्या मारल्या गेल्या. या दोन्ही जहाजांवरच्या वस्तू आज बोद्रुमच्या किल्ल्यात, सागरतळाच्या पुरातत्त्वाला वाहिलेल्या संग्रहालयात आहेत. जिथे कैदी ठेवत तिथे पाणबुड्यांनी शोधलेला ऐवज मांडलेला आहे.

सफरीचा धंदा झाला तो १९७०च्या दशकापासून. पाहुणे वाढले, त्यांना खोली, गादी, आंघोळीची सोय हवी. तिरहांदिलच्या पोटात हे मावेना. बोद्रुम आणि बोझबुरुनच्या कारागिरांनी मग किनाऱ्यावर माल वाहणाऱ्या गुलेतकडे पाहिले. हे नाव स्कूनर जातीच्या नौकेच्या फ्रेंच-इटालियन नावावरून आलेले. तिची मागची बाजू रुंद केली, तिथे जेवणाचे मोठे टेबल आणि गाद्या बसवल्या, खाली खोल्यांची रांग काढली, मोठे इंजिन घातले. रुंद मागच्या बाजूची ही गुलेत म्हणजे निळ्या सफरीचे चिन्हच होऊन बसली. या वाढीत शीड मात्र मागे पडले. पाहुण्यांना वेळेवर पुढच्या खाडीत पोचायचे असते आणि इंजिन वाऱ्याची वाट पाहत नाही. तांडेलांची नवी पिढी शिडे न उभारताच हंगाम काढू लागली. ही विद्या हरवू नये म्हणून १९८९ मध्ये लाकडी नौकांची ‘बोद्रुम कप’ ही शर्यत सुरू झाली. ती दर शरदात होते आणि पाहुणेही नौकेवर बसून तिच्यात भाग घेतात.

हा धंदा स्थानिकांच्या हाती राहिला, त्यामागे एक जुना कायदाही आहे. १ जुलै १९२६ पासून अमलात आलेल्या कायद्याने तुर्की किनाऱ्यावरची वाहतूक तुर्की ध्वजाच्या नौकांसाठी राखली गेली. ओस्मानी काळात ती परकीयांच्या हाती होती, ती सोडवण्यासाठी केलेला हा कायदा पुढे गुलेतच्या कामी आला. दोन देश एका सफरीत जोडणे मात्र कागदोपत्री किचकट असते. कोस किंवा सिमीला जायचे तर नौकेला अधिकृत बंदरातून बाहेर पडून समोरच्या अधिकृत बंदरात नोंद करावी लागते, म्हणून बहुतेक सफरी एकाच काठाने जातात.

मार्ग निवडताना आजही जुनीच कारणे चालतात. बोद्रुमहून गोकोवाच्या आखातात शिरले तर उत्तर काठाच्या डोंगराचा आडोसा मिळतो आणि सेदिर बेटाची गोल कणांची पांढरी वाळू पाहता येते. ती वाळू क्लिओपात्रासाठी इजिप्तहून आणली अशी दंतकथा आहे. खरे तर ते कण तिथल्याच पाण्यात चुन्याचे थर साचून घडतात, आणि ते उचलून नेण्यास बंदी आहे. मेल्तेम सोसायची तयारी असेल तर क्निडोस ओलांडून दात्चाकडे वळावे. लहान मुले-म्हातारी माणसे सोबत असतील तर गोचेक-फेथियेचा भाग बरा, कारण तिथे बेटांच्या आड पाणी शांत असते आणि एका खाडीतून दुसरीत जायला तासही लागत नाही. अवशेषांची ओढ असेल तर पूर्वेकडे, प्राचीन लिशियाच्या किनाऱ्याने केकोवापर्यंत. तिथे भूकंपाने खचलेल्या नगराच्या पायऱ्या आणि भिंती पाण्याखाली दिसतात. त्या अवशेषांवर पोहण्यास मनाई आहे, म्हणून नौका सावकाश जवळून जातात. जुलै-ऑगस्टपेक्षा जून आणि सप्टेंबर बरे. वारा सौम्य असतो आणि खाड्यांत जागा मिळते.

गर्दी हा या किनाऱ्याचा नवा शत्रू आहे. दालामानचा विमानतळ झाल्यावर गोचेक तासाभराच्या आत आले. बोद्रुमच्या टेकड्या पांढऱ्या घरांनी भरल्या. काही गोष्टी मात्र वेळीच राखल्या गेल्या. दाल्यानजवळच्या इझ्तुझू पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालतात. तिथे मोठे हॉटेल उभे राहणार होते, ते १९८०च्या दशकात देशी-विदेशी पर्यावरणप्रेमींच्या चळवळीने थांबवले. १९८८ मध्ये गोकोवा आणि फेथिये-गोचेक, तर १९९० मध्ये दात्चा-बोझबुरुन आणि केकोवा हे विशेष संरक्षित प्रदेश झाले. पण २०२१च्या उन्हाळ्यात मार्मारिस आणि बोद्रुमच्या आसपासचे पाइनचे रान मोठ्या प्रमाणावर जळाले. नौकेला लाकूड, मधमाश्यांना आसरा आणि खाडीला सावली देणारी ही झाडे परत उभी राहायला एक पिढी जाईल.

स्पंजाचा धंदा आता नावापुरता उरला आहे. कृत्रिम स्पंजाने बाजार खाल्ला होताच. १९८६ मध्ये भूमध्य समुद्रात स्पंजांवर रोग आला आणि उरलेसुरले तळ ओसाड झाले. बोद्रुमच्या पाणबुड्यांची मुले गुलेतवर तांडेल झाली. वडिलांना ठाऊक असलेल्याच खाड्यांत ते नांगर टाकतात. मागचा दोर मात्र पूर्वीसारखा पाइनच्या बुंध्याला बांधता येत नाही. दोरांनी साली सोलल्या जाऊन झाडे वाळू लागली, म्हणून गोचेकच्या खाड्यांत काठावर लोखंडी खुंट बसवले आहेत, आणि आता खलाशी दोर घेऊन पोहत जातो तो त्या खुंटापर्यंत.